धोटाजीराव आडवेउभे यांचं कार्ड

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या खेळात घेतलंत आणि वर गृहपाठ दिलात: "आजी, रविवारपर्यंत तुझं एक पात्र तयार कर. शूर नको, शूर आमच्याकडे खूप झालेत. काहीतरी खुळ्यासारखं कर, हसायला येईल असं." हा खेळ आजीला पहिल्यापासून समजावून सांगावा लागणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी फोन ठेवला, स्टुलावर चढले (आईला सांगू नका) आणि कपाटाच्या वरच्या खणातून 'खेळ' असं लिहिलेली फाईल काढली. पात्र तयार आहे. तुमची आई अकरा वर्षांची होती तेव्हापासून तयार आहे.

नाव: श्रीमंत धोटाजीराव आडवेउभे. शस्त्रं: एक छत्री आणि एक धोटा. चाल: फक्त डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. भीती: मिशीची.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मला अशी माणसं सुचत नाहीत, मला याद्या सुचतात. हे केलं आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका गृहस्थांनी. रविवारच्या आत ते तुम्हाला माहीत व्हायला हवेत.

सगळी चाळ त्यांना साचेवाले काका म्हणायची. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्याच्यावर आडवा धागा घेऊन जे लाकडी होडकं डावीकडून उजवीकडे धावतं, तो धोटा. काकांनी गिरणीच्या साचेखात्यात सव्वीस वर्षं काढली होती. उंच, काटकुळे, बोलताना बोटं सारखी नाचणार, आणि बोलणं असं की दादरला ऐकू जावं. मी गिरगावातल्या फणसवाडीची, इंग्रजी शाळेत शिकलेली, हळू बोलायची सवय. लग्न होऊन लालबागला आले त्या दिवशी गॅलरीतून काकांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं: "नवीन सूनबाई, जरा उजेडात या." मी घाबरून उजेडात गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "हां. आता बोला." मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पुढे कळलं की ते सगळ्यांनाच असं उजेडात उभं करतात. कुणाच्या घरी गेले तर स्वतः दाराकडे पाठ करून बसायचे आणि घरच्यांना उजेडाकडे तोंड करून बसवायचे. दिवे गेले की ते बोलणंच बंद करायचे. मेणबत्ती आल्यावर पुन्हा सुरू.

दुसरं म्हणजे मिशा. मिशीवाल्या माणसाशी काका बोलत नसत. आमच्या पोस्टमनला झुपकेदार मिशा होत्या. तो दारात आला की काका आत वळायचे आणि काकी पत्र घ्यायची. तुमच्या आजोबांच्या तेव्हाच्या मिशा तुम्ही फोटोत पाहिल्या आहेत. जिन्यात भेटले की काका त्यांना दरवेळी एकच सांगायचे, "मिशी काढा, बढती मिळात." आजोबा म्हणायचे, "काका, साहेबालाच मिशी आहे." काका म्हणायचे, "बरा, बरा," आणि वर निघून जायचे.

काकी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला उभी असायची आणि समोरच्याचं प्रत्येक वाक्य त्यांच्यावर ओरडायची. मी साधं विचारावं, "काका, रेशनवर साखर आलीय का?" की काकी त्यांच्याकडे वळून, "अहो, त्या इचारतत, साखर इली काय म्हणान!" चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय कजाग बाई आहे, नवऱ्याला एक प्रश्न सरळ झेलू देत नाही. मीही म्हणत असे.

आणि तिसरं सगळ्यात नवलाचं. काकांचे कान चाळीत सगळ्यात तिखट मानले जात. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर दोन बायका गॅलरीत कुजबुजायच्या आणि काका इकडे आमच्या गॅलरीत बसून मोठ्यांदा जाहीर करायचे, "त्यांच्या थोरल्याचा जमला. पोरगी भायखळ्याची." पुढच्या आठवड्यात तिकडून खरोखर पेढे यायचे. लोक म्हणत, काकांना काहीतरी सिद्धी आहे. काका नाही म्हणत नसत.

मग संप झाला. त्याला वर्ष उलटून गेलं तरी गिरणी उघडली नाही. आमच्या चाळीत पहिल्यांदाच दुपारी पुरुषमाणसं दिसू लागली. काका रोज सकाळी सातला गॅलरीच्या लाकडी कठड्यावर तळहात टेकून उभे राहायचे. पूर्वीही राहायचे. गिरणीचा भोंगा झाला की हात उचलून म्हणायचे, "झालो." आता ते तसेच थोडा वेळ उभे राहायचे, मग आत जाताना म्हणायचे, "आज नाय." कठड्यावर हात कशाला ठेवतात, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

त्यांनी मधे एका बंगल्यावर रखवालदाराची नोकरी धरली होती. पाचव्या दिवशी ते घरी. "शेठचो कुत्रो उर्मट आसा," एवढंच त्यांनी चाळीला सांगितलं. त्यानंतर थोरल्या भावाचं गावाहून पत्र आलं. गणपतीपर्यंत काम मिळालं नाही तर मुंबईची खोली सोडून दोघांनी गावी यावं, असं त्यात होतं. पत्र काकीनेच मला वाचायला आणून दिलं होतं. काका दारात उभे होते. म्हणाले, "गावाक माझा काय काम, बाई? भावाच्या पडवीत बसान पेज पिऊची? माका साच्याशिवाय काय येणा नाय, आणि तकडे साचो नाय." त्यांचा आवाज तेवढ्या वेळेपुरता माझ्यासारखा झाला होता.

गणपतीला तेव्हा चार महिने होते.

त्याच मे महिन्यात तुमचे मामाआजोबा बोटीवरून सुट्टीवर आले. त्यांनी तुमच्या आईला एक खोका आणला. त्यात एक इंग्रजी पुस्तक, आलेखाचे कागद आणि कधी न पाहिलेल्या आकारांचे फासे. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. तुमची आई रडकुंडीला आली: "यात खेळायचं काय?" मी पुस्तक वाचायला घेतलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. आपणच एक माणूस व्हायचं, तो काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. मुलांनो, मी नियमांची माणूस. एवढे नियम आणि त्यांच्या आत एवढा मोकळेपणा मी तोवर कुठे पाहिला नव्हता. सगळ्या नियमांचा मी मराठीत गोषवारा केला, पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं कापली, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता चाळीच्या गॅलरीत चटई टाकली.

खेळायला तिघं: तुमची आई, आणि शेजारची मंदा आणि पक्या ही भावंडं. पहिल्याच डावात पक्याने वीस बाजूंचा फासा असा फेकला की तो कठड्याच्या गजांतून खाली गटारात गेला. मग आम्ही हौजीच्या पिशवीतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या घेतल्या आणि हात घालून काढू लागलो. मला वाटतं फाशापेक्षा ते बरं होतं. पिशवीत हात असताना प्रत्येकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दोन शनिवार काका लांबून बघत होते. जूनमध्ये काकी भातलावणीला गावी गेली, आणि तिसऱ्या शनिवारी काका चटईवर येऊन बसले. अर्थातच कठड्याकडे, म्हणजे उजेडाकडे, पाठ करून.

"माका पण माणूस करून द्या."

पक्या म्हणाला, "काका, हा पोरांचा खेळ आहे."

"मग तू कित्याक खेळतंस? तुका मिशी फुटाक लागली."

मी काकांना कोरं कार्ड दिलं. तीन फासे टाकून ताकद, अक्कल, चपळाई आणि नशीब काढायचं. ताकद आली पाच, अक्कल सतरा, चपळाई चार, आणि नशीब तीन. तीन फाशांत याहून कमी येऊच शकत नाही. मुलं हसून हसून लोळली. मी म्हटलं, नियमाप्रमाणे पुन्हा टाकता येईल. काका म्हणाले, "नको. हो माझो माणूस. माका ओळखीचो वाटता."

मग त्यांनी धोटाजीरावांची घडण सुरू केली, आणि आम्ही सगळे त्या माणसात बुडालो. तो सरळ का चालत नाही? कारण त्याच्या खानदानात कोणी सरळ चाललेलं नाही. मग पुढे कसा जातो? "तुमी त्याका जागेवर ठेवा, जग पुढे सरकता. कापड तसाच होता." मी आलेखाच्या कागदावर डोकं धरून बसले, कारण आता माझा आख्खा नकाशा मला ओळीओळीने सरकवावा लागणार होता. मी म्हटलं, हे नियमात नाही. तुमची आई म्हणाली, "आई, नियमात नको म्हणून पण नाहीये." इंग्रजी पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच नव्हतं. छत्री का? रुबाबासाठी. ढाल? "छत्री उघडली की ढाल." घोडा? "घोड्याक मिशी आसता काय? नाय ना? तरी नको."

कार्डावर शेवटी 'दोष' असा रकाना होता. तो पुस्तकातला नव्हता, मी घातलेला होता. तुमच्या आईच्या राजकन्येचा दोष पालीची भीती, मंदाच्या जादूगारणीचा राग, पक्याच्या योद्ध्याचा खादाडपणा. काकांनी पेन्सिल जिभेला लावली, बराच वेळ लावला, आणि मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं: ऐकाक येणा नाय.

"काकांचा धोटाजीराव बहिरा," पक्या किंचाळला. "आणि काकांना तर पलीकडच्या बिल्डिंगीतलं ऐकू येतं." सगळ्यांना तो फारच मोठा विनोद वाटला. काकाही हसले.

मी खाली मान घालून ते कार्ड स्वच्छ उतरवून घेत होते. मान वर न करताच विचारलं, "काका, धोटाजीरावांचं वय काय घालू?"

काका म्हणाले, "मासे नाय, भातच खाता तो."

मुलं पुन्हा लोळली. मीही हसत होते, आणि त्याच वेळी माझ्या कोपराने कंपासपेटी चटईबाहेर फरशीवर पडली. पत्र्याची पेटी, भरलेली. मुलं दचकली, समोरच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं. काकांच्या पाठीमागे दोन हातांवर ती पडली होती, आणि काकांची पापणीही हलली नाही.

मला उजेड कळला, मिशा कळल्या, मेणबत्ती कळली, भोंग्याची थरथर टिपायला कठड्यावर टेकलेले तळहात कळले. रखवालदारीची नोकरी का गेली तेही. डाव्या बाजूला उभी राहून ओरडणारी काकी आठवली आणि माझ्या जिभेने इतकी वर्षं तिच्याबद्दल काय काय म्हटलं होतं तेही. साच्यांच्या त्या गदारोळात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांशी हातांनी बोलतात आणि ओठ वाचतात. गिरणीत बहिरेपणाने कुणाचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते संपानंतर, बाहेर.

मी वर पाहिलं तर काका माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. वाचणारा माणूस. त्यांना कळायला मी काही बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. एरवीचा गडगडाट नाही.

"बाई, हो माणूस खोटो आसा. खेळातलो. लक्षात ठेवा."

मी उजेडाकडे तोंड केलं आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "खेळातला माणूस खेळातच राहील, काका."

त्यांना घाई होती ती यासाठी की तुमच्या आजोबांनी खटपट करून एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी त्यांचं नाव घातलं होतं. पुढच्या सोमवारी मुलाखत. बहिरा आहे असं कळलं तर संपलं, आणि गणपती आता अडीच महिन्यांवर आले होते. मी म्हटलं, काळजी करू नका, मी तयारी करून घेते. आणि मी जे नेहमी करते तेच केलं. मुलाखतीत काय विचारतात याची यादी केली, प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड, क्रमांक घातलेलं. एक, नाव. दोन, वय. तीन, गाव. चार, शिक्षण. पाच, आधी कुठे होता. काकांनी सहा दिवसांत सगळी उत्तरं घोटली. मी इतकी खूश होते की रविवारी शिरा केला.

सोमवारी ते दुपारी परत आले ते सरळ माझ्याकडे.

"साहेबाक मिशी," ते म्हणाले आणि एका गालावरून दुसऱ्या गालापर्यंत बोट फिरवलं. "हय्यसून तय्यसर."

ओठ दिसलेच नव्हते. तेव्हा काकांनी माझ्या क्रमावर विश्वास ठेवला. साहेबाने नाव विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. साहेबाने विचारलं, गाव कुठलं. काकांनी सांगितलं, अठ्ठेचाळीस. शिक्षण? कणकवलीच्या जवळ. आधी कुठे होतात? चौथी पास. साहेब आधी हसला, मग त्याला वाटलं हा माणूस थट्टा करतोय, आणि त्याने दाराकडे बोट दाखवलं. ते मात्र काकांना लगेच समजलं.

कार्डांवरचे आकडे माझे होते.

"तुमची चूक नाय," काका म्हणाले. "मिशीची." मग खिशातून धोटाजीरावांचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "हो मेलो. फाडा." कारण आमचा नियम होता, ज्याचा माणूस मेला त्याचं कार्ड फाडायचं. नियम अर्थातच मी केलेला.

मी कार्ड फाडलं नाही. म्हटलं, खेळात मेल्याशिवाय मेला असं धरता येत नाही. त्यांनी माझे ओठ दोनदा वाचले, मान हलवली आणि गेले. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

त्या रात्री मला वाटलं होतं झोप लागणार नाही, पण मला चांगली झोप लागली, कारण झोपायच्या आधीच मला सुचलं होतं. माझी एक कॉलेजची मैत्रीण होती, माटुंग्याला राहायची. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं असतं तर काम सोपं होतं. पण मी शब्द दिला होता. म्हणून मी तिला एवढंच सांगितलं, "शनिवारी दुपारी तीनला ये, आमचा एक खेळ बघायला. त्यात एक धोटाजीराव म्हणून माणूस आहे." आणि बरोबर नेलेलं कार्ड दाखवलं. तिने ते वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "धोटाजीरावांनी."

तो शनिवार मी फार मेहनत करून रचला होता. डोंगराच्या पोटात गुहा, तिच्यात अजगर झोपलेला, पलीकडे सोन्याचं कुलूप. एकही शब्द उच्चारला तर अजगर जागा. आणि नियम असा की गुहेत पाय टाकल्यापासून खेळणाऱ्यांनीही खरोखर बोलायचं नाही. काकी गावाहून परत आली होती. काका यायला तयार नव्हते, पण तिनेच त्यांना ढकलून चटईवर बसवलं: "जावा हो, ट्रंक काय पळून जाणा नाय." माझी मैत्रीण दारापाशी स्टुलावर बसली. मी तिची ओळख करून दिली, पण कुठे शिकवते ते सांगितलं नाही.

खेळ सुरू झाला आणि लगेच गडबडला. पक्याने कुजबुजून तलवार काढली, पिशवीत हात घातला, दोन निघाला. अजगराने एक डोळा उघडला. मंदाला हसू आवरेना. तुमची आई कागदावर लिहायला गेली तर मी खूण केली, नको, पेन्सिलीची खरखरही अजगराला ऐकू जाते. आणखी एक आवाज झाला असता तर सगळे संपले असते.

तेव्हा काकांनी हात वर केले.

सव्वीस वर्षं ज्या हातांनी साच्यांच्या चार रांगा पलीकडच्या माणसाला सांगितलं होतं की धागा तुटला, पाणी दे, माग थांबव, ते हात. दोन बोटं मोडली: तुटला. मूठ डावीकडून उजवीकडे: चालू कर. तळहात खाली: थांब. संप झाल्यापासून गॅलरीत बसून त्यांनी ही बोटं बोलता बोलता मुलांपुढे इतकी नाचवली होती की मुलांना ती येत होती, आणि येतात हे त्यांनाच माहीत नव्हतं. तुमच्या आईने बघितलं, तिचे डोळे मोठे झाले, आणि तिने उलट उत्तर दिलं. तिच्यामागून मंदा. पक्याही. धोटाजीराव आडवे आडवे सरकत अजगराच्या शेपटीपासून डोक्यापर्यंत गेले, प्रत्येक ओळीला मी नकाशा एक घर पुढे सरकवला, जादूगारणीने कुलूप उघडलं, राजकन्येने वाट दाखवली. मधेच काकांनी हवेत मिशी पिळली. साचेखात्यात त्याचा अर्थ मुकादम येतोय. चौघेही जागच्या जागी गोठले. खरंच अजगराची कूस बदलायची पाळी होती, माझ्या हातातलं कार्ड त्यांनी उलटं बसून वाचलं होतं की माझा चेहरा, कुणास ठाऊक.

पाऊण तास. लालबागच्या चाळीच्या गॅलरीत पाऊण तास एक शब्द नाही. आजूबाजूची माणसं दारात येऊन उभी राहिली आणि तीही गप्प. तुमचे आजोबा बाजारातून आले, ती शांतता ऐकून भाजीची पिशवी जिन्यातच टाकून वर धावत आले. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

शेवटचं घर. धोटाजीराव बाहेर येणार तर पिशवीतून अठरा किंवा वर हवे. काकांनी हात घातला आणि माझ्याकडे बघत काढला. एकोणीस. तरीही कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी, दारातल्या माणसांनीसुद्धा, मूठ डावीकडून उजवीकडे फिरवली.

मग माझी मैत्रीण उठली, स्टूल सरकवून काकांच्या समोर आली आणि उजेडाकडे तोंड करून बसली. मी न सांगता. तिने ओठ हलवले. आवाज अजिबात काढला नाही. चाळीला तिची बाजू कळलीच नाही, ऐकू आली ती एकट्या काकांची, नेहमीच्या आवाजात.

"होय."

"सव्वीस वर्षां."

"लहान साचो? हातमाग? चालवीन ना."

"पोरां कितकी?"

मग त्यांनी काकीकडे पाहिलं. काकी कधी नव्हे ती गप्प होती, पदर तोंडात धरून. तिला ओरडून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एकच इचारतंय," काका म्हणाले. "हेडमास्तरांक मिशी आसा?"

मैत्रिणीने मान हलवली आणि ओठांनी काहीतरी सांगितलं.

"बाई आसत? मग येतंय."

चाळीत दोन दिवस चर्चा होती की काकांना आता न बोललेलंही ऐकू यायला लागलं.

गणपतीला ते गावी गेले आणि गणपती संपल्यावर परत आले. शाळेत ते शिपाई म्हणून लागले आणि दुपारनंतर हस्तकलेच्या वर्गात लहान मागावर मुलांना विणायला शिकवायचे. त्या शाळेत मुलांनी हातवारे न करता ओठ वाचून बोलावं, असा तेव्हा कडक दंडक होता. वर्षभराने मैत्रीण मला म्हणाली, "तुझ्या धोटाजीरावांनी काय करून ठेवलंय बघ. मोठ्या बाई वर्गात शिरल्या की सगळी मुलं मिशी पिळतात. बाईंना वाटतं नमस्काराची नवीन पद्धत आहे. त्या पण उलट पिळतात." काकांना मी विचारलं तर म्हणाले, "माका काय ऐकाक इला नाय." चाळीत ते आता हे उघडपणे सांगत. तुमच्या आजोबांनी त्याच वर्षी मिशी काढली आणि दोघांच्या जिन्यात पहिल्यांदा गप्पा झाल्या. तासभर. मला भाजीसाठी त्यांना हाका माराव्या लागल्या.

शाळेत जायच्या पहिल्या दिवशी सकाळी ते कार्ड मागायला आले होते. मला वाटलं दोष खोडणार. त्यांनी तो तसाच ठेवला. भीतीच्या रकान्यात 'मिशी' होतं, तिथे फक्त भर घातली: 'मिशी, आणि बाईंचे अनुक्रमांक.'

तेव्हा मुलांनो, रविवारी माझं पात्र हेच. आकडे मी बदलणार नाही. ताकद पाच, चपळाई चार, नशीब तीन. तुमच्या नियमात आडवं चालणं बसत नसेल तर पुस्तक नीट वाचा, नको असंही लिहिलेलं नसेल. आणि गुहेत शिरल्यावर पडद्यावर माझे ओठ बंद दिसले, आवाज येईनासा झाला, तर मशीन बिघडलं म्हणून उठून तारा ओढत बसू नका. माझे हात बघा. काही समजलं नाही तर स्वयंपाकघरातून आईला बोलवा. हातातलं टाकून येईल ती.